घंटी नसलेली सायकल

माझ्या पहिल्या माउंटन बाइकला घंटी नव्हती. विकत घेताना मी दुकानदाराला तसं म्हणालो, तर तो हसला. "ही रस्त्यावरची सायकल नाही साहेब, रानातली आहे. रानात घंटी कुणासाठी वाजवणार?" मलाही ते पटलं. लहानपणीच्या काळ्या सायकलची घंटी, कॅरिअर, डायनॅमो हे सगळं मागे टाकून मी बेचाळिसाव्या वर्षी जाड दातेरी टायरांच्या, पुढे सस्पेन्शन असलेल्या, डिस्क ब्रेकच्या सायकलवर बसलो. निमित्त रक्तातल्या साखरेचं होतं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. चालणं कंटाळवाणं वाटलं, म्हणून सायकल.

मी ठाण्यात राहतो. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या इमारतीच्या मागे येऊरचा डोंगर आहे आणि त्या डोंगरापासून पश्चिमेला थेट बोरिवलीपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल, आणि त्याला जवळजवळ सगळीकडून टेकलेलं महानगर. आत तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, वारली आणि मल्हार कोळी लोकांचे पाडे आहेत आणि बिबटे आहेत. कॅमेरे लावून २०१८ साली केलेल्या अभ्यासात उद्यान आणि त्याच्या लगतच्या भागात ४७ बिबटे मोजले गेले. एवढं सगळं आमच्या लिफ्टपासून वीस मिनिटांच्या पॅडलवर.

आम्ही चौघे होतो. रविवारी पहाटे साडेपाचला निघायचं, घाट चढून येऊरला पोचायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि परतायचं, एवढाच सुरुवातीचा बेत. पण माउंटन बाइक घेऊन डांबरावर किती दिवस फिरणार? आमच्यातल्या एकाला पाड्यामागून जंगलात शिरणारी एक पायवाट सापडली. मुरमाची, जेमतेम दोन पावलं रुंद, मध्ये दगडांच्या पायऱ्या, एक कोरडा ओढा आणि शेवटी अर्ध्या किलोमीटरचा उतार. परदेशी व्हिडिओंमध्ये अशा वाटेला सिंगलट्रॅक म्हणतात. आम्हीही तेच म्हणायला लागलो. वाटेला आधीपासून काही नाव असेल हे आमच्या मनातही आलं नाही.

परवानगीचा प्रश्न निघायचा, पण चहाबरोबर. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे. राष्ट्रीय उद्यानात कुणाला, कशासाठी शिरता येईल हे त्यात लिहिलेलं आहे: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, कायदेशीर कामकाज, आणि तेही परवाना घेऊन. हे मी नंतर वाचलं. तेव्हा आमचा युक्तिवाद सोपा होता. वरच्या रस्त्याने शनिवारी रात्री गाड्या जातात, लग्नांचे हॉल आहेत, डीजे वाजतात. आमची सायकल ना धूर सोडते, ना आवाज करते. मग जंगलाला आमचा काय त्रास?

आवाज करत नाही, हे आम्ही अभिमानाने सांगायचो.

२०१५ च्या नोव्हेंबरातला एक रविवार. सात वाजायला आले होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवी पुरुषभर उंच वाढली होती. आमच्याकडची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २००८ ला फुलली होती आणि पुढची पाळी २०१६ ची होती. फुलोऱ्याच्या आदल्या वर्षी ती चांगलीच दाट असते. वळणापलीकडचं काही दिसत नाही. मी सगळ्यांच्या पुढे होतो. उतार लागला, मी सॅडलवरून उठलो, ब्रेकवरची बोटं सैल सोडली. वळण घेतलं आणि समोर एक बाई होती. डोक्यावर मोळी.

तिनं मला पाहिलं तेव्हा आमच्यात चार-पाच हातांचं अंतर असेल. मी दोन्ही ब्रेक दाबले. सागाच्या वाळक्या पानांवरून मागचं चाक बाजूला घसरलं. तिनं मोळी टाकली आणि स्वतःला वाटेच्या कडेला झोकून दिलं. माझं पुढचं चाक मोळीत गेलं आणि मी हँडलवरून उडून कारवीत पडलो. मला खरचटलं. हेल्मेट होतं, हातमोजे होते, गुडघ्याला पॅड होते. ती दगडावर पडली होती. उजव्या मनगटाला विचित्र बाक आला होता.

पहिल्यांदा बोलली ती. पाड्यावर सगळ्यांना 'तू'च म्हणतात. "तुला लागलं का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "आवाज का नाही केलास?"

मी काहीच बोललो नाही. मित्र येऊन पोचले. एकाच्या पंचाने तिचा हात गळ्यात बांधला आणि आम्ही सगळे पायी निघालो. ती दर दहा पावलांवर मागे वळून पाहत होती. मला वाटलं, घाबरली असेल. ती मोळीकडे पाहत होती.

डांबरी रस्त्याला लागता लागता गस्तीवरचा वनरक्षक भेटला. त्यानं आमच्या सायकली पाहिल्या, माझं वाकलेलं चाक पाहिलं. "साहेब, इकडे कुठे?" आमच्यातला एक म्हणाला, "वाट चुकलो." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "काय झालं गं?"

मी तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. काय बोलणार होतो ते आठवत नाही. त्याआधीच ती म्हणाली, "पाय घसरला."

आणि मी तोंड मिटलं.

त्यानं आमची नावं लिहून घेतली, पुन्हा आत दिसलात तर दंड होईल म्हणून बजावलं. तिला मात्र तो लाकडांवरून बोलला. किती वेळा सांगायचं, असं. ती जमिनीकडे बघत राहिली. आम्ही तिला रिक्षात घालून खाली दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. पैसे मी भरले आणि घरी आल्यावर बायकोला सांगितलं की बाई फार चांगल्या मनाची, तिनं मला वाचवलं.

तीन आठवड्यांनी मी मिठाईचा पुडा घेऊन पाड्यावर गेलो. कारवीच्या काठ्यांना माती-शेणाने लिंपलेल्या भिंतींचं घर. माझी ही वाटेवर आंधळं वळण करणारी कारवी तिच्या घराची भिंत होती. तिनं चहा केला. म्हणजे सुनेला करायला लावला. मी तिचे आभार मानले. ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"तुझ्यासाठी नाही बोलले मी," ती म्हणाली. "तुझं नाव सांगितलं असतं, तर मी तिथे कशाला गेले होते तेपण लिहिलं असतं त्यानं."

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता हिशोब होता. त्या वाटेवर आम्ही दोघेही नियमाबाहेर होतो. मी गंमत म्हणून, ती सरपणासाठी. माझं नाव वहीत गेलं तर मला दंड झाला असता आणि आमच्या ग्रुपमध्ये सांगायला एक किस्सा मिळाला असता. तिचं नाव गेलं असतं तर उद्या घर कुणाचं, किती सालापासूनचं, कागद कुठे आहेत, इथपर्यंत प्रश्न गेले असते. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर हजारो झोपड्या पडल्या. तो आदेश काय होता, कुणासाठी होता हे तिला ठाऊक नसेल, पण वहीत नाव जाणं म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं. माझ्या गप्प बसण्याची किंमत मला पडलीच नव्हती. तिच्या बोलण्याची तिला पडू शकली असती, म्हणून ती खोटं बोलली. आणि ते खोटं मी माझ्यावरचे उपकार म्हणून घरी नेलं होतं.

निघताना तिच्या मुलाकडून कळलं की ती खालच्या सोसायटीत तीन घरी भांडी घासते. सहा आठवडे काम बंद. दोन घरांनी दुसरी बाई ठेवली होती. मी दवाखान्याचं बिल भरलं होतं, पण बुडलेल्या पगाराचं विचारलंसुद्धा नव्हतं. पुढच्या रविवारी पैसे घेऊन गेलो. तिनं डाव्या हाताने मोजले, सुनेकडून पुन्हा मोजून घेतले, पदराला बांधले. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

तिचे सासरे तेव्हा होते. बाहेर बाजेवर बसलेले असायचे. त्यांनी मला वाटेविषयी सांगितलं. ती वाट पाण्याकडे जाते, पुढे वाघोबाच्या दगडाकडे जाते. वाघबारशीला तिथे नारळ फुटतो. मी विचारलं, बिबट्याची भीती नाही वाटत? ते म्हणाले, "तो तिथे राहतो. आपण बोलत जायचं." रानातून जाताना माणसं बोलतात, खोकतात, काठी आपटतात. पोरंसोरं असली तर मुद्दाम मोठ्याने गप्पा मारतात. "कोण येतंय ते त्याला कळलं पाहिजे. मग तो बाजूला होतो. न सांगता अंगावर गेलास तर त्यानं काय करायचं?"

नंतर मी जे वाचलं त्यात याच्याहून वेगळं फार काही नव्हतं. बिबटे माणसांच्या वाटा सर्रास वापरतात. रातोरात, पहाटे, झुडपातून जाण्यापेक्षा त्यांनाही मोकळी वाट सोपी पडते. म्हणजे आमची आवडती वेळ आणि आमची आवडती वाट, दोन्ही त्यांचीही होती. जुन्नरला आणि इथे दोन हजारनंतरच्या काही वर्षांत हल्ले वाढले, तेव्हा बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची पद्धत होती. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या अभ्यासातून दाखवलं की अशा हलवण्यानेच संघर्ष वाढतो. अनोळखी जागी टाकलेल्या जनावराला तिथल्या माणसांचं वेळापत्रक माहीत नसतं. ओळखीवर सगळं चाललेलं असतं. सासरे म्हणत होते ते हेच.

अमेरिकेतली एक घटना मी पुन्हा पुन्हा वाचली. २०१६ चा जून, मोंटाना राज्य, ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी शेजारचं जंगल. एक वन अधिकारी सुट्टीच्या दिवशी माउंटन बाइकवरून निघाला होता. सगळा जन्म त्याच मुलखात गेलेला, नोकरीही जंगलाचीच. आंधळ्या वळणावर तो एका ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्यात त्याचा जीव गेला. चौकशी करणाऱ्या मंडळाचा निष्कर्ष असा की अस्वल दिसणं आणि त्यावर आदळणं यांत एक-दोन सेकंदच मिळाले असतील. त्याला काही करायला वेळ नव्हता. अस्वलालाही नव्हता.

मी माझा हिशोब मांडला. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. डोळ्याने पाहून बोटाने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा; सात मीटर तिथेच गेले. सुट्या मुरमावर, उतारावर थांबायला निदान आणखी आठ-दहा मीटर. आणि कारवीच्या त्या वळणावर मला दिसत होतं जेमतेम पाच-सहा मीटर. म्हणजे बाई वाचली ती माझ्या ब्रेकमुळे नव्हे. तिनं उडी मारली म्हणून वाचली.

सायकलींना राष्ट्रीय उद्यानात जागा असावी की नसावी, हा वाद तिकडे जुना आहे. माउंटन बाइकचा खेळ सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत वाढला, आणि आज मॅरिनच्या टेकड्यांवरच्या रुंद मातीच्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, आंधळ्या वळणावर ५ मैलांची मर्यादा आहे. अमेरिकन राष्ट्रीय उद्यानांचा १९८७ सालचा नियम असा, की गाड्यांच्या रस्त्यांवर सायकल चालेल, पण पायवाट सायकलला बंदच समजायची. ती खास जाहीर करून उघडली तरच खुली. मॅरिनच्या सायकलस्वारांनी त्याविरुद्ध खटला भरला. १९९६ साली अपील न्यायालयात ते हरले. असं असूनही काही उद्यानांत विचारपूर्वक, मोजून वाटा सायकलींना खुल्या झाल्या आहेत. सायकलवाल्यांचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. पायवाटेची झीज मोजणाऱ्या अभ्यासांत सायकल आणि बूट यांच्यात फारसा फरक दिसत नाही. घोडे जास्त उकरतात.

हे सगळं मी आधी वाचलं असतं तर आमच्या बाजूचे मुद्दे म्हणून वापरलं असतं. आता मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. "बंद, खास उघडली तरच खुली" या नियमात कुणीतरी आधी त्या वाटेवरून चालत जातं, तिथे कोण येतं-जातं ते पाहतं, लोकांना विचारतं, मग ठरवतं. आम्ही उलटं केलं होतं. वाट मोकळी दिसली म्हणजे ती रिकामी आहे असं धरून चाललो. रिकामी नव्हती. पाण्याला जाणारी माणसं होती, सरपणाला जाणाऱ्या बाया होत्या, वाघोबा होता आणि खरा वाघोबाही होता. वेगाला या कुणाचीच ओळख करून घेता येत नाही. ओळख व्हायला पायाचा वेग लागतो.

सायकलींना जंगल पूर्ण बंद करा, असं मी म्हणणार नाही. सायकलने माझी साखर खाली आणली आणि ठाण्यात पंचवीस वर्षं राहून न पाहिलेला डोंगर दाखवला. येऊरच्या बाजूला एखादी वाट आखून द्यावी. दिवसाउजेडीची, एकाच दिशेने जाण्याची, वळणांवर झाडोरा छाटलेली, वेगाला आळा असलेली. पण ती कुठून जावी हे नकाशावर बोट ठेवून ठरू नये. पाड्यावर बाजेवर बसून ठरावं. आणि सायकलवाल्याला तिकिटावर जी वाट मिळेल, तिच्यावर मोळीवालीला चोर ठरवलं जाणार असेल, तर मला ते तिकीट नको.

२०१६ ला कारवी फुलली, निळी-जांभळी, डोंगरभर. ती मी पायी जाऊन पाहिली. फुलून झाली की कारवी मरते. पुढच्या पावसाळ्यात तिच्या बियांतून रोपं वर येतात. २०१७ च्या जुलैत त्या वाटेवर हातभर रुंदीत हिरवी बोटभर रोपं उगवलेली होती आणि त्यांच्या मधोमध दातेरी टायराचा एक लांब माग होता. आमचा नव्हता. आम्ही दोन वर्षं तिकडे गेलो नव्हतो. आमच्याच व्हिडिओवरून दुसऱ्या कुणाला वाट सापडली होती.

सायकल मी अजूनही चालवतो. बोरिवलीच्या दाराने तिकीट काढून कान्हेरीपर्यंत डांबरी रस्त्याने जातो. चढताना दम लागतो, उतरताना ब्रेक दाबून येतो. हँडलला पितळेची घंटी बसवली आहे. दर वळणावर वाजवतो. एकदा फेरफटक्याला आलेले एक आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, हे राष्ट्रीय उद्यान आहे. जरा शांतता ठेवा." मी सॉरी म्हटलं आणि पुढच्या वळणावर पुन्हा वाजवली.

येऊरला मात्र पायीच जातो, वर्षातून दोन-तीनदा, पाड्यावर चहा होतोच. सासरे गेले. तिचं मनगट थंडीत दुखतं. तिच्या डोक्यावर आता मोळी नसते, सून गॅस वापरते. पण सिलिंडर महाग झाला की बाया रानात जातातच.

२०२३ च्या नोव्हेंबरात त्याच वाटेने निघालो होतो. आठ वर्षांनी कारवी पुन्हा पुरुषभर झाली होती. त्या वळणापाशी मागून टर्रर्र असा बारीक आवाज आला, सायकलचं चाक पॅडलविना मोकळं फिरताना येतो तसा. ओळखीचा आवाज, तरी कळेपर्यंत उशीर झाला. मी कारवीत अंग चोरलं. तीन पोरं एकापाठोपाठ गेली. शेवटचा ओरडला, "सॉरी अंकल!" माझं काळीज इतकं धडधडत होतं की मी तिथेच दगडावर बसलो. तो तोच दगड होता की नाही, सांगता येणार नाही.

मग आठवलं, येताना पाण्याजवळ दोन बाया दिसल्या होत्या. त्या याच वाटेने, पण खालच्या फाट्याने वर यायच्या होत्या. मी उठून उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "हळू! पुढे माणसं आहेत!"

पोरांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. खालून एका बाईने मात्र ओ दिली.